दुसरं शिफारसपत्र

"म्हणजे ते मणके कडाकडा वाजवतात, ते का?"

डॉ. अरविंद टिपणिसांनी माझ्या अर्जावरून मान वर न करता विचारलं.

२००९ सालचा फेब्रुवारी होता. ओहायोतल्या आमच्या शहरात मराठी मंडळ शनिवारी एका चर्चचं तळघर भाड्याने घ्यायचं. एरवी तिथे मुलांची मराठी शाळा भरे, त्या दिवशी फेलोशिपच्या मुलाखती होत्या. लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधोमध टिपणीस, शहरातले नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ आणि फेलोशिप समितीचे अध्यक्ष. एका बाजूला डॉ. वासंती परचुरे, लहान मुलांच्या डॉक्टर. दुसऱ्या बाजूला मंडळाचे सचिव खांडेकर, ते इंजिनिअर होते आणि टिपणं काढण्यापुरते बसले होते.

"ते कायरोप्रॅक्टर, सर," मी म्हणाले. "मी ऑस्टियोपॅथिक मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. डी.ओ."

"फरक समजावून सांग."

हे मी इतक्या जणांना समजावून सांगितलं होतं की आता माझं मलाच ऐकू येत नसे. चार वर्षांचा तोच अभ्यास, तीच हॉस्पिटलं. औषधं लिहायचा, शस्त्रक्रिया करायचा तोच अधिकार. त्याशिवाय स्नायू, सांधे आणि कणा हातांनी तपासायचं आणि हातांनीच उपचार करायचं दोनशे तासांचं जादा शिक्षण. अमेरिकेत एमडी जितका डॉक्टर, तितकाच डी.ओ.

"एमडीला नंबर लागला नाही म्हणून तिकडे गेलीस?"

"दोन एमडी कॉलेजांनी नाही म्हटलं होतं. एकाने वेटिंगवर ठेवलं. यांनी घेतलं."

"प्रामाणिक आहेस," ते म्हणाले आणि खांडेकरांकडे बघून हसले.

परचुरेबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा प्रकल्प विचारला. मंडळाची ही फेलोशिप दरवर्षी एका मराठी वैद्यकीय विद्यार्थ्याला दोन महिने महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयात काम करायला पाठवायची. मी चंदगड तालुक्यातलं एक लहानसं धर्मादाय रुग्णालय निवडलं होतं. त्या भागात काजूचे कारखाने आहेत. माझी मावशी त्यातल्या एका कारखान्यात अठरा वर्षं काजू फोडत होती. दिवसभर मान खाली, उजवा हात एकाच लयीत वरखाली. तिला रात्री कूस बदलता येत नसे. डॉक्टरकडे गेलं की दुखण्याचं इंजेक्शन मिळे, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मला तिथल्या नर्सना माना आणि खांदे मोकळे करायच्या काही साध्या पद्धती शिकवायच्या होत्या, म्हणजे मी परत आल्यावरही काम चालू राहिलं असतं.

बाई मन लावून ऐकत होत्या. मग कागद चाळत म्हणाल्या, "शिफारसपत्र एकच दिसतंय. आपण दोन मागितली होती ना?"

"दोन जोडली होती, मॅडम. दुसरं मी ज्यांच्या क्लिनिकमध्ये शिकते त्या..."

"असेल कुठेतरी," टिपणीस मध्येच म्हणाले. "वासंती, बाहेर अजून चार मुलं बसली आहेत. आणि मुद्दा पत्रांचा नाहीच." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ, तृप्ती. तुझी तळमळ दिसते. पण ही फेलोशिप मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आमच्या पिढीने या देशात मराठी डॉक्टरचं नाव कमावलंय. ते फुकट मिळालेलं नाही. उद्या मंडळाच्या नावाने आपण तिकडे हाडवैद्य पाठवला, तर लोक काय म्हणतील?"

खांडेकरांचं पेन थांबलं. परचुरेबाई छताजवळच्या खिडकीकडे बघत राहिल्या. मी आभार मानून उठले. आभार का मानले, हे मला आजही कळलेलं नाही.

बाबा गाडीत हीटर लावून बसले होते. माझे वडील कोल्हापूरला शिरोलीच्या एका कारखान्यात टूलमेकर होते. मी चौदा वर्षांची असताना आत्याने आम्हाला इकडे बोलावून घेतलं आणि इथेही ते मशीनवरच उभे राहिले. मंडळात बहुतेक सगळे डॉक्टर नाहीतर सॉफ्टवेअरवाले. बाबा तरी दरवर्षी वर्गणी भरायचे आणि कार्यक्रमाला खुर्च्या लावायला सगळ्यांच्या आधी जायचे.

"काय म्हणाली मंडळी?"

"हाडवैद्य म्हणाले मला."

बाबांनी गाडी सुरू केली. सिग्नल लागला. मग म्हणाले, "मग त्यात शिवी कुठली?"

सोमवारी ईमेल आला. पात्रतेच्या निकषात बसत नसल्यामुळे अर्जाचा विचार करता आला नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मला दोन महिन्यांच्या प्रवासापेक्षाही दुसरी एक गोष्ट हातची गेल्याचं लागलं होतं. ज्याला ही फेलोशिप मिळे, त्याला रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, मिळावी म्हणून मंडळातले डॉक्टर आपापल्या हॉस्पिटलात शब्द टाकायचे. डी.ओ.चा अर्ज दिसला की बाजूला ठेवणारी हॉस्पिटलं तेव्हा पुष्कळ होती. मला तो शब्द हवा होता.

मंगळवारी मी एल्डनला गेले. आमच्यापासून दीड तासावरचं शेतीवाडीचं गाव. तिथे डॉ. हॅरल्ड वीव्हर यांचं क्लिनिक होतं आणि कॉलेजने मला तिथे शिकायला पाठवलं होतं. वीव्हर एकोणऐंशी वर्षांचे होते, डी.ओ. होते, आणि पन्नासेक वर्षं त्या गावातली बाळंतपणं, मोडलेले हात, म्हाताऱ्यांचे मृत्यू असं सगळं त्यांनीच पाहिलं होतं. त्यांची बायको रूथ पुढच्या खोलीत फोन घ्यायची. माझं दुसरं शिफारसपत्र वीव्हरनी सांगितलं होतं आणि रूथने टाइप केलं होतं.

दुपारच्या जेवणाला आम्ही तिघं मागच्या स्वयंपाकघरात बसलो. रूथने विचारलं, "तुझ्या मुलाखतीचं काय झालं?"

मी सांगितलं. इंग्रजीत हाडवैद्य या शब्दाला नेमका शब्द सापडेना, तेव्हा वर्णन करून सांगितलं. वीव्हर सूप पीत ऐकत होते. त्यांना असल्या गोष्टींचं नवल राहिलं नव्हतं.

"अध्यक्ष कोण होता?" रूथने विचारलं.

"डॉ. टिपणीस. कार्डिऑलॉजिस्ट आहेत."

रूथने चमचा खाली ठेवला. "अरविंद?"

मला आधी वाटलं, तिला नाव नीट ऐकू आलं नाही. "हो, अरविंद टिपणीस. तुम्ही ओळखता?"

"रूथ," वीव्हर म्हणाले.

"ओळखते म्हणजे? तो याच टेबलावर जेवायचा. चौदा महिने."

"रूथ, त्याची गोष्ट आपण सांगायची नाही."

"डॉक्टर तू आहेस, हॅरल्ड. मी नाही," रूथ म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

१९८२ची गोष्ट. मुंबईहून एमबीबीएस होऊन आलेल्या तरुणाला कुठलंही हॉस्पिटल रेसिडेन्सी देईना. परदेशी डॉक्टरांसाठी दारं जवळजवळ बंदच झाली होती. तो एल्डनच्या औषधांच्या दुकानात खोकी उचलायचा. वीव्हर तिथे रोज जायचे. एकदा तो कुणा गिऱ्हाइकाला म्हणाला की या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका, ते वीव्हरनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो क्लिनिकमध्ये आला. मागची खोली त्याला दिली. तो वीव्हरांच्या शेजारी उभं राहून पेशंट बघायचा, रात्री परीक्षांचा अभ्यास करायचा. रूथने त्याला गाडी चालवायला शिकवलं.

"आणि रेसिडेन्सी?" मी विचारलं.

रूथ हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात वीव्हरांना पेशंट दाखल करायची परवानगी नव्हती. डी.ओ. म्हणून. तीनदा अर्ज केला, तीनदा नाकारला. नाकारणारा तिथला मेडिसिनचा प्रमुख दर महिन्याला क्लिनिकच्या मागच्या दाराने यायचा, कारण त्याची पाठ वीव्हरांशिवाय कुणाच्या हातून सुटत नसे. पुढच्या दाराने आला तर कुणी पाहिलं असतं.

"हॅरल्डने त्याच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली," रूथ म्हणाली. "मला वाटलं, आता तरी स्वतःसाठी मागेल. यानं अरविंदसाठी मुलाखत मागितली. स्वतः गाडीतून घेऊन गेला. अरविंद आत गेला आणि हा अडीच तास बाहेर गाडीत बसून राहिला. जानेवारी होता."

"आत जाऊन बसायला कुणी मना केलं नव्हतं," वीव्हर म्हणाले. "माझीच इच्छा नव्हती."

मग ते माझ्याकडे वळले. "तू हे कुठे वापरणार नाहीस."

"पण ते म्हणाले की..."

"काय म्हणाला ते ऐकलं मी. त्याला तेव्हा गरज होती. पेशंटची गरज आपण चारचौघांत सांगतो का? हेही तसंच. सांगायचं असेल तर तो सांगेल. मला शब्द दे."

मला त्यांचाही राग आला. एवढं सगळं होऊनही हा माणूस त्यालाच झाकत होता. पण मी शब्द दिला. ते उठले, सूपचं भांडं विसळून ठेवलं आणि पुढच्या पेशंटला बोलवायला गेले. रूथ टेबल पुसत म्हणाली, "पहिली तीन वर्षं नाताळला त्याचं कार्ड यायचं. मग बदलीच्या गडबडीत पत्ता हरवला असेल."

गुरुवारी खांडेकरांचा फोन आला. आवाज हळू होता. "तृप्ती, मी फोन केला हे कुठे बोलू नकोस. फेलोशिपच्या नियमात 'एमडी किंवा समकक्ष' असं आहे. समकक्ष म्हणजे काय, हे त्या त्या वर्षी कार्यकारिणी ठरवते. रविवारी बैठक आहे. सभासदांना बसता येतं. तू लेखी हरकत दे."

रविवारी त्याच तळघरात पंधरा-सोळा माणसं होती. बाबा मागच्या रांगेत बसले. मंडळाचे अध्यक्षही तेव्हा तेच असल्यामुळे अध्यक्षस्थानी पुन्हा टिपणीस. मी हरकत वाचून दाखवली. डी.ओ. आणि एमडी यांना राज्याचा परवाना एकाच अधिकाराचा मिळतो याचा कागद जोडला होता, तो सगळ्यांपर्यंत फिरवला. परचुरेबाई म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपमध्ये दोन डी.ओ. आहेत. माझ्याइतकेच चांगले. मला तर हे समकक्षच वाटतं."

टिपणीस शांतपणे बोलायला लागले. ते छान बोलायचे. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटचं भाषण त्यांचंच असे.

"कागदावर समकक्ष बरंच काही असतं. प्रश्न दर्जाचा आहे. गावाकडे हातांनी हाडं बसवणारे काय कमी आहेत? त्यासाठी अमेरिकेतून माणूस कशाला पाठवायचा?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते. मंडळाच्या बैठकीत मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"साहेब, आमच्या तालमीत हाडं बसवायचे त्यांना आम्ही वस्ताद म्हणायचो. पाया पडायचो त्यांच्या. माझा हा खांदा त्यांनीच बसवलाय, अजून मशीन चालवतोय." त्यांनी हात वर करून दाखवला. "तुम्ही वाईट अर्थानं बोललात ते कळलं. पण तो शब्द वाईट न्हाई. एवढंच."

ते बसले. टिपणीस किंचित हसले. "साळोखे, तुमचा गैरसमज होतोय. मी कुणाचा अपमान करत नाही. मी फक्त म्हणतो, जे मला माहीत नाही त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. या डी.ओ. लोकांशी माझा आयुष्यात कधी संबंध आलेला नाही."

"कधीच नाही, सर?" मी विचारलं.

"कधीच नाही."

त्यांनी माझ्याकडे सरळ बघत सांगितलं. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं संपलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात अगदी तयार होतं. मी शब्द दिला नसता तर.

"मग माझं दुसरं शिफारसपत्र मी वाचते," मी म्हणाले. "ते मुलाखतीच्या दिवशी मॅडमच्या फाइलमध्ये नव्हतं. लिहिणारे डी.ओ. आहेत. डॉ. हॅरल्ड वीव्हर. एल्डन, ओहायो."

मी फक्त नाव आणि गाव उच्चारलं. टिपणिसांचा हात टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे गेला आणि तिथेच राहिला.

मी वाचलं. पत्र लहान होतं. पन्नास वर्षांत माझ्याकडे शंभरेक विद्यार्थी शिकून गेले. पेशंटच्या मानेला हात लावण्याआधी स्वतःचे हात गरम पाण्याखाली धरणारी ही तिसरी. तिला जिथे पाठवाल तिथल्या लोकांना तिचा उपयोग होईल. बस, एवढंच.

"किती सुंदर पत्र आहे," परचुरेबाई म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हे मला का मिळालं नाही? खांडेकर, अर्ज तुमच्याकडे आले ना?"

खांडेकर घोटाळले. त्यांनी टिपणिसांकडे पाहिलं, मग कागदांकडे. "माझ्याकडे दोन्ही पत्रं आली होती. मी पूर्ण फाइल सरांना पाठवली. प्रती त्यांच्या ऑफिसातून निघाल्या."

"माझ्या ऑफिसातल्या सेक्रेटरीकडून एखादं पान राहतं," टिपणीस म्हणाले.

"बाकी चौघांच्या फाइलमध्ये सगळी पानं होती, अरविंद," बाई म्हणाल्या.

मला त्या क्षणी उमगलं. तोपर्यंत मी समजत होते की हा माणूस विसरला असेल. सव्वीस वर्षं झाली, माणसं विसरतात. पण त्यांनी ते पत्र मुलाखतीच्या आधीच वाचलं होतं. मान वर न करता त्यांनी मला डी.ओ. म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा वीव्हरांची सही त्यांनी नुकतीच पाहिलेली होती. वीव्हर जिवंत आहेत, त्याच गावात आहेत, अजून काम करताहेत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते पान काढून टाकलं होतं. आणि म्हणूनच मीही नको होते, कारण मी त्या घरातून आले होते.

मग टिपणिसांनी घसा साफ केला. "परचुरेबाईंचा आग्रह दिसतो. ठीक आहे. या मुलीला अपवाद म्हणून फेलोशिप द्यायला माझी हरकत नाही."

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, घे म्हणून. मला माझी मावशी आठवली. चंदगडचं ते रुग्णालय दोनदा पत्र पाठवून मी कधी येणार असं विचारत होतं.

"अपवाद म्हणून नको," मी म्हणाले. "समकक्ष आहे असं नियमात लिहा. मग घेते."

"नियम बदलायला वार्षिक सभा लागते," खांडेकर म्हणाले. "सप्टेंबरमध्ये. तोवर या वर्षीची निवड..."

"मग सप्टेंबरमध्ये बदला."

फेलोशिप त्या वर्षी दुसऱ्या एका मुलाला मिळाली. चांगला मुलगा होता. सप्टेंबरमध्ये परचुरेबाईंनी ठराव मांडला आणि नियम बदलला, पण तोवर माझं चौथं वर्ष सुरू होऊन कामाच्या सगळ्या जागा ठरून गेल्या होत्या. चंदगडला मी पोचले ती सहा वर्षांनी, स्वतःच्या रजेत. मावशीने तोवर काम सोडलं होतं. तिची मान डावीकडे वळायची बंद झाली होती, ती मला पुरती सोडवता आली नाही.

बैठक संपल्यावर बाबा गाडी आणायला गेले आणि मी दाराशी उभी राहिले. टिपणीस कोट चढवत बाहेर आले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून माझ्याजवळ थांबले.

"तुला त्यांनी सांगितलंय," ते म्हणाले.

मी मफलर गुंडाळला.

"हे तू कुणाकुणाला बोललीस?"

"कुणालाही नाही. बोलणार नाही असा शब्द दिलाय."

त्यांचे खांदे खाली आले. डॉक्टर म्हणून मी ती हालचाल ओळखते, दुखणं थांबल्यावर माणसाचं शरीर असं सैल पडतं. "थँक यू," ते म्हणाले. हातमोजे घातले, गाडीची किल्ली काढली आणि निघाले. वाटलं, आता वळतील. वीव्हरांची प्रकृती विचारतील, निदान नाव तरी घेतील. त्यांची गाडी बाबांच्या गाडीशेजारून रस्त्याला लागली.

वीव्हर त्यानंतर चार वर्षांनी गेले, रूथ त्यांच्यामागून दोन वर्षांनी. टिपणीस गेल्या वर्षी वारले. मंडळाच्या अंकात त्यांच्यावर तीन पानी लेख आला आहे. कुणाचाही हात न धरता या देशात उभा राहिलेला माणूस, असं त्यात लिहिलंय. ज्यांच्यासाठी शब्द दिला होता त्यांतलं आता कुणी उरलं नाही. तो लेख वाचल्यावर मी हे लिहायला बसले.

बैठकीनंतरच्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणे एल्डनला गेले. वीव्हर एका शेतकऱ्याचा गुडघा तपासत होते, दार अर्धवट उघडं होतं. रूथने फोन ठेवला आणि मला काउंटरपाशी बोलावलं.

"बैठकीला अरविंद होता?"

"होता."

"तू सांगितलंस त्याला, पत्र कुणी लिहिलंय ते?"

"नाव सांगितलं. बाकी काही नाही."

ती पुढे वाकली. तिचा चेहरा एखाद्या आईसारखा झाला होता, जिच्या मुलाला कुणीतरी दूरच्या गावात पाहून आलंय. "मग? आमची चौकशी केली त्यानं?"

आतल्या खोलीत वीव्हरांचं बोलणं थांबलं होतं. ते पाठमोरे होते, शेतकऱ्याच्या गुडघ्यावर त्यांचे दोन्ही हात तसेच होते.

"हो," मी म्हणाले. "केली. दोघं कसे आहात विचारलं. गर्दी होती म्हणून फार बोलता आलं नाही."

रूथ मान हलवत राहिली. "मी हॅरल्डला म्हटलंच होतं," ती म्हणाली. "गाडी मात्र तो फार वाईट चालवायचा."

वीव्हरनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. ते पुन्हा गुडघ्याकडे वळले.

फेलोशिपचं मी केव्हाच विसरले. रूथशी बोललेल्या त्या एका 'हो'बद्दल मात्र मी टिपणिसांना अजून माफ केलेलं नाही.